मंगळवार कोणाचा होता

बाई,

तुमच्याविषयी लिहायला मला एक पान मिळाले आहे. आपल्या समाजाची चिटणीस शर्ली हिने फोनवर शब्दमर्यादा सांगितली आणि वर म्हणाली, "अंकल, थोडं टचिंग लिहा, प्लीज." मी छत्तीस वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिली, टचिंग मला येत नाही. शिवाय ज्या पुस्तिकेच्या आरंभी हे पान छापायचे आहे, ती पुस्तिका म्हणजे एक यादी आहे. दिल्लीतल्या आपल्या मूठभर यहुदी घरांमधील सगळ्या वृद्धांची नावे, पत्ते, आजार, नातेवाइकांचे फोन. आणि त्या यादीला, बाई, तुमचे नाव द्यायचे ठरले आहे. येत्या रविवारच्या सभेत ठराव मांडला जाईल. मी शर्लीला एवढेच म्हणालो, "विचार करतो." माझ्या तोंडून इतके सौम्य उत्तर तिने पूर्वी ऐकले नसावे, कारण ती लगेच म्हणाली, "तब्येत ठीक आहे ना?"

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. तेवढ्यात तुमच्या चार गोष्टी तयार झाल्या आहेत, आणि चारही चुकीच्या आहेत.

पहिली अध्यक्षांनी शोकसभेत सांगितली. समाजाने तुम्हाला अठरा वर्षे तळहातावरच्या फोडासारखे जपले, असे ते म्हणाले. मी जागेवरूनच म्हणालो की बाईंनीही समाजाला जपले, हे इतिवृत्तात यावे. कोणीतरी "हो हो" म्हणाले, आणि ते आले नाही. दुसरी गोष्ट एका वर्तमानपत्राच्या तरुण बातमीदार मुलीची. युद्धकाळात जे भोगले त्याविषयी तुम्ही आयुष्यात कधी तोंड उघडले नाही, अशी. तुम्ही बोलत होता. समोर टेपरेकॉर्डर ठेवणाऱ्यांशी बोलत नव्हता, एवढेच. तिसरी शर्लीची. "आंटींना लिस्टची भीती होती," ती म्हणाली. "आपण ती मानली. लिस्ट असती तर आंटी एक दिवस आणि एक रात्र फरशीवर पडून राहिल्या नसत्या." ती वाईट मुलगी नाही. पण त्या वाक्यावर सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि यादीचा ठराव तिथेच जन्माला आला.

चौथी गोष्ट अशी की थळकरांनी, म्हणजे मी, तुम्हाला शोधले. थळकर वेळेवर गेले म्हणून निदान नऊ दिवस तरी मिळाले. सभा संपल्यावर दोघातिघांनी माझे हात हातात घेतले. ही गोष्ट चारांत सर्वांत खोटी, आणि तेवढीच मी त्या दिवशी खोडून काढली नाही.

क्रमाने सांगतो. क्रम सोडला की मला काही सांगता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पहिली यादी मीच केली होती. तेव्हा मी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात राहत होतो आणि समाजाचा चिटणीस होतो. आम्ही बहुतेक कोकणातून आलेली, मराठी बोलणारी, नोकरीपायी दिल्लीत रुजलेली माणसे. आमच्यात युरोपातल्या संहारातून वाचून आलेले तुम्ही तिघे. करोल बागेतले दातांचे डॉक्टर, एक पोलिश इंजिनिअर आणि तुम्ही. तुम्ही युद्धानंतर मुंबईला भावाकडे आलात, आमच्यातल्याच एकाशी लग्न केलेत, रेवदंड्याच्या सासूकडून मराठी शिकलात आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर दिल्लीत येऊन सरोजिनी नगरजवळच्या बालवाडीत तीस वर्षे शिकवलेत. म्हणून सगळ्यांच्या 'बाई'. नवरा गेला, मूल नव्हते. एका हिवाळ्यात डॉक्टरसाहेब तापाने तीन दिवस बेशुद्ध होते आणि कोणाला पत्ता नव्हता. तेव्हा मी ठरवले की हे पुन्हा होता कामा नये.

माझ्यासारखा माणूस अशा वेळी काय करतो? तक्ता करतो. अनुक्रमांक, नाव, वय, जन्मस्थान, पत्ता, मजला, प्रकृती, दुसरी किल्ली कोणाकडे. नऊ वृद्धांची नावे होती. तुम्ही अनुक्रमांक तीन. कचेरीच्या टाइपरायटरवर मी स्वतः टंकलेखन केले, समास सोडून, आडव्या रेघा पट्टीने मारून. शनिवारी प्रार्थनामंदिराच्या फळ्यावर ती लावली आणि दोन पावले मागे जाऊन पाहिली. मला अभिमान वाटला, हे लपवत नाही.

तुम्ही आलात, चष्मा लावलात, वाचलेत, चारी टाचण्या एकेक करून काढल्यात, कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवलीत आणि मला विचारलेत, "कार्बन कुठे आहेत?"

"कसले कार्बन?"

"चार प्रती केल्या असतील ना तुम्ही? सरकारी माणूस. मला प्रती हव्यात आणि कार्बन कागदही हवेत. त्यांच्यावर नावे उमटलेली राहतात."

मी सगळ्यांदेखत तुमच्याशी भांडलो. म्हणालो, "बाई, हा हिंदुस्थान आहे. आमचे पूर्वज इथे शेकडो वर्षे राहिले. आम्ही घाण्यावर तेल गाळले, पलटणीत गेलो, फाइली लिहिल्या. कोणी आमच्या केसाला धक्का लावला नाही." तुम्ही म्हणालात, "तुमच्या पूर्वजांचा पत्ता लिहिला होता का कोणी?" काही लोक हसले. मी दोन आठवडे तुमच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या रविवारी तुम्ही स्वतः आमच्या दारात. हातात आयएनए मार्केटातून आणलेली सुरमई. मिल्का, माझी पत्नी, लगेच पाटावर बसून मासे साफ करायला लागली. तुम्ही तिच्याशेजारी वेताच्या मोढ्यावर बसलात आणि माझ्याकडे न पाहता सांगायला सुरुवात केलीत. तुमच्या गावाचे नाव मी लिहीत नाही. तिथेही एक चिटणीस होते. सज्जन, दम्याचे. हिवाळ्यात एकट्या म्हाताऱ्या माणसांना कोळसा पोचवायचा, म्हणून त्यांनी यादी करायची ठरवले. अक्षर चांगले म्हणून अठरा वर्षांच्या तुम्हाला बोलावले. तुम्ही नावे लिहिलीत. पत्ते लिहिलेत. कोळसा आणणाऱ्याला उगाच जिने चढायला नकोत म्हणून मजला लिहिलात. आणि शेवटच्या रकान्यात, कोणाला जिना उतरता येत नाही ते.

"माझी आजी तिसऱ्या मजल्यावर," तुम्ही म्हणालात. "उतरता येत नव्हतं. मीच लिहिलं तसं. कोळसा मिळाला हो तिला. एक हिवाळा चांगला गेला. पुढच्या वर्षी ती यादी दुसऱ्यांच्या हातात गेली. ते आले तेव्हा खुर्ची घेऊनच आले होते. त्यांना माहीत होतं की तिला उचलून न्यावं लागेल."

मिल्काचा सुरीचा हात थांबला होता. तुम्हीच तिला म्हणालात, "कर गं, मासा वाळेल."

मी उठलो, आतून तीन प्रती आणि कार्बनचे कागद आणून तुम्हाला दिले. तुम्ही ते मोजून घेतलेत. माझी क्षमा मागितली नाहीत आणि मलाही मागू दिली नाहीत. ज्यांनी तुमच्या वागण्याला 'भीती' म्हटले, त्यांना मी हे सांगू इच्छितो. भीती कशाची ते माणसाला बहुधा नीट ठाऊक नसते. तुम्हाला मजल्यासकट ठाऊक होते.

मग काय करायचे? म्हातारी माणसे तर होतीच, आणि हिवाळाही दर वर्षी येणार होता. तोडगा तुमचाच. लिहायचे काही नाही. भेटीला जाणारी पाच घरे, आणि ज्यांच्याकडे जायचे ते तुम्ही तिघे आणि बाकीचे सहा वृद्ध. कोणी कोणाकडे कोणत्या दिवशी जायचे ते सगळे एका डोक्यात ठेवायचे, आणि ते डोके तुमचे. भेटीला आलेल्या माणसाला निघताना तुम्ही, नाहीतर फोनवर, त्याचा पुढचा वार सांगत होता. वार बदलत, घरे बदलत. कोणाला फक्त आपलाच वार ठाऊक. अठरा वर्षे. मी कचेरीत अनेक पद्धती पाहिल्या, इतकी बिनचूक दुसरी पाहिली नाही.

आणि तुमची अट होती. "माझ्याकडे कोणी येणार असेल तर मलाही पाळी हवी." मी म्हणालो, "बाई, तुमची सेवा करायची म्हणून तर हे सगळे." तुम्ही म्हणालात, "मग तुमचं तुम्हीच खेळा." बुधवार तुमचा ठरला, तेवढा एकच वार कायमचा आणि सगळ्यांना ठाऊक. दर बुधवारी तुम्ही बसने करोल बागेला जाऊन डॉक्टरसाहेबांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होता, ते असेपर्यंत. मग इंजिनिअरसाहेबांकडे, ते असेपर्यंत. आणि मिल्काला कर्करोग झाला तेव्हा दोन वर्षे तुमचा बुधवार आमच्या घरी होता. मी तोवर निवृत्त होऊन नोएडाला राहायला आलो होतो. दोन बसेस बदलून सत्तरी उलटलेल्या तुम्ही येत होता. मिल्काचे केस गेले तेव्हा आरसा कोणी झाकला? मी नाही. मला सुचले नव्हते. आणि महिन्याने तो उघडलात तोही तुम्हीच. "बघ एकदा," म्हणालात. "डोकं चांगलं गोल आहे तुझं. माझं असं नाही." मिल्का आजारपणात पहिल्यांदा हसली ती तेव्हा. समाजाने तुम्हाला जपले, असे म्हणणाऱ्या अध्यक्षांना मी यासाठी अडवले होते.

मिल्का गेल्यावर तुम्ही मला विचारले नाही. पुढच्या बुधवारी आलात. "आता माझा बुधवार तुमच्याकडे," म्हणालात. मी म्हणालो, "मला गरज नाही. मी धडधाकट आहे." तुम्ही पिशवीतून नवसाच्या मलिद्याचे पोहे काढलेत, नारळ माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "मग खवा."

आपण किती भांडलो. तुमच्या मते आमटीत गूळ हा गुन्हा, माझ्या मते तुमचा ब्रेड म्हणजे वीट. माझ्या मते जगाला शेवटी नोंदीच तारतात. कोण जगले, कोण गेले, हे लिहिले नसते तर तुमच्या आजीचे नाव तरी कोणाला कळले असते? हे मी एकदा रागाने बोललो आणि लगेच जीभ चावली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मेलेल्यांची लिहा. हवी तितकी लिहा. जिवंतांची नको." मी म्हणालो, "आणि जिवंत माणूस पडला तर?" तुम्ही म्हणालात, "तर कोणीतरी येईल." मी म्हणालो, "आणि नाही आला तर?" तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही उठलात. त्या प्रश्नाचे उत्तर राहिले ते राहिलेच.

आता होळीचे.

त्या शनिवारी मला ताप होता, मी प्रार्थनेला आलो नाही. तुम्ही फोन केलात. "सोमवारी धुळवड, कोणी बाहेर पडू नका. तुमचा मंगळवार. बरं वाटत असेल तरच." मी म्हणालो, "मला बरे न वाटायला काय झाले?" दोन दिवस तापात गेले. खाली रंग खेळणाऱ्या पोरांचा गलका ऐकला तो माझ्या हिशेबी रविवारी, पोरे एक दिवस आधीच सुरू झाली असे वाटले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र आले नाही, कारण धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ते येत नाही. मी समजलो, सुट्टी म्हणून आले नाही, म्हणजे आज सोमवार, धुळवड. दिनदर्शिका भिंतीवर होती. पाहिली नाही. आयुष्यात मी वार पाहण्यासाठी दिनदर्शिकेकडे गेलेलो नाही, आणि हे मी लोकांना सांगतही आलो होतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, नेहमीप्रमाणे अकराच्या ठोक्याला, मी तुमचे कुलूप माझ्या किल्लीने उघडले. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आडव्या होता. अंगावर ओढलेली टेबलावरची चादर. ओठ कोरडे. मी म्हणालो, "बाई, मी आलो. मंगळवार."

तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलेत. मग म्हणालात, "या, थळकर. आज चहा तुम्ही ठेवा."

रुग्णालयाच्या खिडकीत कारकुनाने अर्ज भरला. मी तो तपासला, सवयीने. तारखेपुढे त्याने बुधवार लिहिले होते. मी म्हणालो, "भाईसाहब, आज मंगलवार है।" तो म्हणाला, "अंकल, बुधवार है।" मी आवाज चढवला. त्याने टेबलावरची दिनदर्शिका माझ्याकडे वळवली. मागे स्ट्रेचरवर तुम्ही डोळे मिटून होता. तुम्ही ऐकलेत, बाई. मला पक्के ठाऊक आहे.

तुम्ही मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास पडलात, हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलेत. मी अकराला यायचा होतो. दोन तास. त्याचे सव्वीस तास मी केले.

तिसऱ्या दिवशी शर्ली पलंगाशी आली. मी पायथ्याशी स्टुलावर होतो. तिने विचारले, "आंटी, ट्यूज़डे कोणाचा होता?"

"माझा."

"तुमचा तर वेन्सडे असतो ना?"

"तोही माझा. या आठवड्यात दोन होते."

"अहो, पण स्वतःकडेच कशा जाणार तुम्ही? कोणाचं तरी नाव असेल ना."

"शर्ली," तुम्ही म्हणालात, "पाणी दे गं."

कोणी पडताळू शकत नव्हते. सगळे एका डोक्यात होते. ते डोके उशीवर होते आणि त्याने मला वाचवायचे ठरवले होते. शर्लीने माझ्याकडे पाहिले, म्हणजे 'बघा, आंटी भ्रमिष्ट झाल्यात.' आणि मी, बाई, खांदे उडवले.

त्या नऊ दिवसांत मी चारदा बोलायचा प्रयत्न केला. "बाई, त्या दिवशी—" की तुम्ही विचारत होता, "पापलेट आलंय का आयएनएला?" पुन्हा "बाई, मी—" की "खिडकी लावा, वारा येतो." बंद खिडकी मी पुन्हा लावली. आठव्या दिवशी छातीत कफ झाला आणि बोलणे संपले. मी तरुण डॉक्टरला गाठून विचारले, एक दिवस आधी आणले असते तर? तो म्हणाला, "कुछ कह नहीं सकते, अंकल." मी त्याच्याशी वाद घातला नाही.

म्हणून शर्लीचे म्हणणे खोटे आहे. यादी नव्हती म्हणून तुम्ही पडून राहिला नाहीत. वार सांगितलेला होता. स्पष्ट, फोनवर, ज्याचा होता त्याला. मंगळवार थळकरचा होता. पद्धत चुकली नाही. थळकर चुकला, आणि चुकलो हे सांगायला आणखी तीन आठवडे चुकला. माझ्या गप्प बसण्यावर आता तुमच्या नावाची यादी उभी राहते आहे. ज्या मुलीने आजीचा मजला लिहिला, तिच्याच नावाखाली आपण सगळ्या म्हाताऱ्यांचे मजले छापणार.

हे इथवर लिहून चार दिवस झाले. दरम्यान सभा झाली.

मी हे सगळे पान शर्लीला आधी द्यायचे ठरवले होते. दिले नाही. तिने मला समजावले असते, आणि मी कदाचित समजलो असतो. ठराव वाचून झाल्यावर मी उभा राहिलो. चाळीसएक माणसे होती. मी तुमच्या आजीविषयी सांगितले, तुमच्या अक्षराविषयी सांगितले. तुम्ही कोणाला सांगू नका म्हणाला नव्हता, तरी सांगताना वाटले की न विचारता तुमचे कपाट उघडतो आहे. मग होळीचे सांगितले. वाक्ये आधी पाठ केली होती, ती कामी आली नाहीत. "मंगळवार माझा होता," एवढे म्हणालो, आणि हातातला कागद उगीच उलटा केला.

मला वाटले होते, कोणी रागावेल. मी त्याची तयारी केली होती. रागावणाऱ्याशी कसे बोलायचे ते मला येते. कोणी रागावले नाही. मागून सॉलोमनने, ज्याच्याशी मी बारा वर्षे कब्रस्तानाच्या कुंपणावरून भांडतो आहे त्याने, म्हटले, "बसा, थळकर. वय झालं आपलं. माझ्याकडून तर परवा गॅस चालू राहिला." आणि शेजारच्या बाईंनी मला दंडाला धरून खाली बसवले. मी बसलो.

ठरावातून तुमचे नाव निघाले. एकमताने. यादी मात्र राहिली, ज्याला नाव द्यायचे असेल त्याने द्यावे, अशी दुरुस्ती होऊन. मी विरोधात हात वर केला नाही. बाजूनेही नाही.

शर्लीने मला गाडीतून नोएडाला सोडले. पुलावर गर्दी होती. तिने काच वर केली. मग म्हणाली, "अंकल, आंटी माझ्याशी खोटं बोलल्या."

"खोटे नाही. तुला नाव दिले नाही."

"पण मी काय पोलीस होते का? मला फक्त कळायला हवं होतं, यार. म्हणजे, सॉरी, अंकल. पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून."

"त्यांनाही तेवढेच हवे होते."

"मग मजला न लिहिता ॲम्ब्युलन्स कुठे पाठवू मी? सांगा ना. बिल्कुल सांगा. तुम्ही पाचव्यावर राहता. तुम्ही पडलात तर?"

"कोणीतरी येईल," मी म्हणालो.

"आणि नाही आलं तर?"

बाई, हा प्रश्न मी तुम्हाला विचारला होता, तेव्हा मला जिंकल्यासारखे वाटले होते. आता तुमच्या जागी बसून मी त्याचे उत्तर शोधत होतो. मी तिला सांगितले की तिचे बरोबर आहे, म्हाताऱ्या माणसाला जमिनीवर पडू देणाऱ्या तत्त्वाला काही अर्थ नाही. तिने मान हलवली. मग मी तिला सांगितले की तिचे चूक आहे, कारण कागद आपल्यापेक्षा जास्त जगतो आणि पुढे कोणाच्या हाती जाईल ते आपल्याला विचारत नाही. तिने गाडी बाजूला घेतली. "अंकल, एक काहीतरी बोला."

अठरा वर्षे माझ्या वाट्याला या भांडणाची एकच बाजू होती आणि ती मी नीट लढवली. दुसरी तुम्ही सांभाळत होता. आता दोन्ही माझ्याकडे आल्या आहेत, आणि दोन्ही खऱ्या वाटतात.